आयडी विकत घ्याल, पण सातबारा कुणाच्या नावावर?

वाचकांचे प्रश्न : मोबाइल गेममधल्या वस्तूंची खरेदी-विक्री

प्रश्न : आमचे शेत समुद्रपूर तालुक्यात आहे. मुलगा अकरावीत शिकतो, मोबाइलवर बीजीएमआय खेळतो. परवा त्याने सहा हजार रुपये मागितले. म्हणाला, एक 'आयडी' स्वस्तात मिळते आहे, तिच्यात ग्लेशियरची बंदूक आहे आणि विकणारा 'ट्रस्टेड' आहे. जी वस्तू हातात घेता येत नाही तिचे सहा हजार कसले? आणि द्यायचेच ठरवले, तर हा व्यवहार सुरक्षितपणे करायचा कसा?

उत्तर : मुलाने तुम्हाला विचारले, ही तुमच्या पत्रातली सर्वांत चांगली बातमी. घरातल्या फोनचा पिन मुलांना बहुतेक वेळा ठाऊक असतो. न विचारता पैसे पाठवणे त्याला जड नव्हते. माझे उत्तर 'ही आयडी घेऊ नका' असे आहे, पण ते त्याच्यासोबत बसून, कारणांसह सांगा. नुसते झिडकारले तर पुढच्या वेळी तो विचारायला येणार नाही.

आधी वस्तू समजून घेऊ. ग्लेशियर म्हणजे एम ४१६ या बंदुकीवरचे बर्फासारखे पांढरे-निळे आवरण. मुले त्याला 'स्किन' म्हणतात. बंदुकीचा मारा त्याने वाढत नाही, रुबाब वाढतो. लग्नातल्या फेट्याने डोके जास्त चालत नाही, तरी आपण फेट्याला पैसे देतोच. तेव्हा 'कसले पैसे' हा प्रश्न मी मुलाला विचारणार नाही. ही स्किन सहसा पेटी उघडून, नशिबाने मिळते. पेटी उघडायला यूसी नावाचे खेळातले चलन लागते आणि यूसी खऱ्या रुपयांनी घ्यावे लागते. फ्री फायर मॅक्स या दुसऱ्या खेळात त्याच कामाला डायमंड असतात. दुर्मीळ म्हणून भाव, एवढे सरळ गणित आहे.

अडचण पुढे आहे. बीजीएमआयमध्ये एकाने मिळवलेली बंदुकीची स्किन दुसऱ्याच्या खात्यात टाकायची सोयच नाही. म्हणून मुले अख्खे खाते विकतात. त्यालाच आयडी विकणे म्हणतात. म्हणजे सहा हजारांत तुमच्या मुलाला बंदूक मिळणार नाही. कुणाच्या तरी घराची एक किल्ली मिळेल. ते घरही विकणाऱ्याचे नाही, ते कंपनीचे आहे.

आपल्या भाषेत सांगायचे तर खेळाडू हा मक्त्याने शेत वाहणारा आहे. सातबारा क्राफ्टन या कंपनीच्या नावावर. ही कंपनी काय किंवा फ्री फायरची गरेना काय, खाते विकायला किंवा दुसऱ्याला द्यायला त्यांच्या नियमांत मनाई आहे. मक्तेदाराने मालकाला न विचारता शेत तिसऱ्यालाच विकले, तर घेणाऱ्याच्या हाती काय राहील ते तुम्हाला सांगायला नको. कंपनीला कळले तर ती खाते बंद करते, आणि तक्रार कुठे करायची तर त्याच कंपनीकडे, जिचा नियम आपण मोडलेला.

मालकी कुणाची, हे आपल्या देशातल्या मुलांनी एकदा पाहिलेही आहे. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यांत पबजी मोबाइल होते. ऑक्टोबर अखेरीस सर्व्हर बंद झाले आणि लाखो मुलांच्या स्किन एका रात्रीत दिसेनाशा झाल्या. २०२१ च्या जुलैत त्याचाच भारतातला अवतार म्हणून बीजीएमआय आले तेव्हा जुना माल नव्या खात्यात आणायची मुभा कंपनीने दिली, म्हणून तो परत दिसला. पुढे जुलै २०२२ मध्ये तेही ॲप दुकानांतून काढले गेले आणि मे २०२३ मध्ये परतले. वस्तू सर्व्हरवर असते. सर्व्हरवाला ठेवेल तोवर ती आपली.

आता फसवणूक कशी होते ते. सर्वांत जास्त चालणारा प्रकार असा : खाते कुठल्या तरी फेसबुक किंवा गूगलच्या लॉगिनला जोडलेले असते. विकणारा पासवर्ड देतो, तुमचा मुलगा तो बदलतो आणि निर्धास्त होतो. पण त्या गूगल खात्याला विकणाऱ्याचा जुना फोन नंबर, जुना ईमेल जोडलेला राहतो. आठ-पंधरा दिवस जाऊ देऊन तो 'पासवर्ड विसरलो' म्हणतो आणि खाते परत ताब्यात घेतो. मग तेच खाते तिसऱ्याला विकतो. कित्येकदा ते मुळात त्याचेही नसते, दुसऱ्या एखाद्या पोराचे चोरलेले असते.

दुसरा प्रकार 'मिडलमॅन'चा. दोघांच्या मध्ये एक विश्वासाचा माणूस, पैसे त्याच्याकडे ठेवायचे, आयडी मिळाली की तो पुढे देईल. ऐकायला अडत्यासारखे वाटते. पण हिंगणघाटच्या यार्डातला अडत्या बाजार समितीचा परवाना घेऊन बसलेला असतो. त्याचे दुकान, नाव, काटापट्टी सगळे समोर असते आणि हिशोबात गडबड झाली तर समितीच्या कार्यालयात जाता येते. टेलिग्रामवरचा मिडलमॅन हे एक टोपणनाव आणि एक फोटो असतो. बहुतेक वेळा विकणाऱ्याचाच दुसरा फोन असतो तो. त्याने दाखवलेले 'प्रूफ', म्हणजे आधीच्या गिऱ्हाइकांच्या कौतुकाचे स्क्रीनशॉट, पाच मिनिटांत तयार करता येतात.

तिसरा, स्वस्त यूसीचा. खेळातल्या दुकानापेक्षा निम्म्या भावात यूसी 'लोड' करून देतो म्हणणाऱ्याकडे ते येतात कुठून? पुष्कळदा चोरलेल्या कार्डांवरून, किंवा आधी खरेदी करून मग दुकानाकडून पैसे परत मागवून. कार्डाच्या मालकाने तक्रार केली की कंपनी ते यूसी काढून घेते आणि खाते बंद होऊ शकते. ज्याने स्वस्तात विकले तो तोवर नाहीसा झालेला असतो.

खेडा खरेदी तुम्हाला ठाऊक आहे. गाडी दारात येते, रोख हातात दिसते, काटा व्यापाऱ्याचा, आणि वजनात मारले तर गाडी निघून गेल्यावर भांडायचे कुणाशी? आयडीचा बाजार ही पूर्णपणे खेडा खरेदी आहे. यार्ड एकच : खेळाच्या आतले दुकान, किंवा कंपनीने स्वतः जाहीर केलेले टॉप-अपचे ठिकाण. मुलाला काही द्यायचेच असेल, वाढदिवसाला, निकालाला, तर ठरलेल्या रकमेचे गूगल प्लेचे गिफ्ट कार्ड ओळखीच्या दुकानातून किंवा नेहमीच्या पेमेंट ॲपमधून घ्या आणि त्याला त्याच्या स्वतःच्या खात्यात यूसी घेऊ द्या. तीनशे रुपयांच्या कार्डातून तीनशेच जातात. बँक खाते खेळाला जोडलेलेच नसते, ही त्यातली खरी सोय. त्या कार्डाचा कोड कुणालाही फोटो काढून पाठवायचा नाही, हे मात्र बजावून सांगा.

आणि एक काम आज संध्याकाळीच करा. हल्ली सीसीआयला, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाला, कापूस द्यायचा तर नोंदणी 'कपास किसान' ॲपवर, पैसे आधार जोडलेल्या खात्यात. लांब धाग्याच्या कापसाला २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. त्या भावाने दहा क्विंटलचे पैसे आले की ज्या फोनवर मुलगा खेळतो त्याच फोनमधून एक्याऐंशी हजार हलवता येतात. 'मोफत यूसी', 'डायमंड जनरेटर' अशा नावाने व्हॉट्सॲपवर येणारी एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरचे ॲप, मुलाने एकदा बसवून परवानग्या दिल्या, तर ती बँकेचे मेसेज वाचू शकते. म्हणून शेतीच्या पैशाचे खाते आणि खेळण्याचा फोन वेगळे ठेवा. दोन फोन परवडत नसतील तर यूपीआयचा पिन बदला, प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागण्याची सेटिंग लावा आणि बाहेरून आलेली एपीके कधीच टाकायची नाही हा घरचा नियम करा. मोठ्या मुलाला छोटे खर्च करू द्यायचे असतील तर यूपीआय सर्कल नावाची सोय २०२४ पासून आहे. त्यात प्रत्येक पेमेंटला मंजुरीचा पर्याय निवडला, तर मुलाने केलेले पेमेंट तुमच्या फोनवर मंजुरीला येते, पिन तुम्ही टाकल्यावरच पैसे जातात.

प्रश्न : माझ्या भाच्याने खेळणे सोडायचे म्हणून स्वतःची आयडी साडेचार हजारांना विकली. पैसे खात्यात आले. तीन आठवड्यांनी बँकेने खाते गोठवले. कारण विचारले तर दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांचे पत्र आहे म्हणतात. त्याने तर कुणाला फसवले नाही! — एक वाचक, हिंगणघाट

उत्तर : फसवले नसेल, तरी हे घडते, आणि विकणारी मुले याचा विचारच करत नाहीत.

समजा, दूर कुठे तरी एका निवृत्त माणसाच्या खात्यातून ठगांनी पैसे उडवले. ठगांना ते लवकर फिरवायचे असतात. त्यातले साडेचार हजार देऊन ते तुमच्या भाच्याची आयडी घेतात आणि पुढे ती दुसऱ्याला रोखीने विकतात. तिकडे त्या माणसाने १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली की पैसा ज्या ज्या खात्यात गेला तिथे तिथे बँका रोख लावत जातात. तुमच्या भाच्याचे खाते त्या माळेतला एक मणी ठरले. शिष्यवृत्तीचे खाते असेल तर शिष्यवृत्तीही त्यात अडकते.

आता करायचे ते. बँकेकडून तक्रारीचा क्रमांक, कोणत्या राज्याचे कोणते पोलीस ठाणे आणि किती रकमेवर रोख आहे हे लेखी मागा. पुष्कळदा वादातल्या रकमेपुरतीच रोख पुरते, तेवढ्यापुरती ठेवून बाकीचे खाते मोकळे करण्याची विनंती बँक आणि तपास अधिकारी दोघांना लेखी करा. आयडी विकतानाचे सगळे चॅट, ज्या यूपीआय नावावरून पैसे आले ते, तारीख, वेळ, सगळे जपून ठेवा आणि वर्ध्याच्या सायबर पोलिसांकडे स्वतः जाऊन सांगा. लपवू नका. 'तुझे खाते मोकळे करून देतो' म्हणणारे एजंटही आता फिरतात, त्यांना एक रुपया देऊ नका. आणि कुणी 'तुझे खाते आयडीच्या धंद्याला भाड्याने दे, महिन्याला दोन हजार देतो' म्हणाले, तर तो सरळ गुन्ह्यात ओढतो आहे असे समजा.

विक्री करताना फसवणूक उलट्या बाजूनेही होते : पैसे पाठवल्याचा खोटा स्क्रीनशॉट, 'चुकून जास्त गेले, हजार परत टाक' अशी गयावया, किंवा 'पैसे घ्यायला पिन टाक'. यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन मागितला की पैसे जाणार आहेत. फोनधारकांनी एकमेकांना पाठवायची 'पैसे मागणारी विनंती' ही सोयच राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली, कारण तिच्यावर ठगी फार चालत होती.

प्रश्न : खेळातली तलवार कुणी चोरली तर ती कायद्याने चोरी ठरते का? वर्गात मुलांनी विचारले, मला सांगता आले नाही. — एक शिक्षिका, पुलगाव

उत्तर : मुलांचा प्रश्न फार मोलाचा आहे ताई, जगातल्या न्यायालयांनाही त्याने दमवले आहे.

नेदरलँड्समध्ये २००७ साली दोन मुलांनी एका तेरा वर्षांच्या मुलाला मारहाण करून, चाकू दाखवून, रूनस्केप या खेळातला त्याचा ताईत आणि मुखवटा आपल्या खात्यात टाकायला लावला. बचाव असा होता की, या वस्तू म्हणजे नुसते आकडे, चोरी कशाची? तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये तो फेटाळला. त्या वस्तू मिळवायला मुलाने वेळ आणि कष्ट घातले होते, त्याला त्यांचे मोल होते, त्या त्याच्या ताब्यात होत्या आणि हिसकावल्यावर राहिल्या नाहीत. म्हणून ती चोरीच, असा निकाल दिला. बीजिंगच्या एका न्यायालयाने तर २००३ सालीच एका खेळाडूच्या गेलेल्या वस्तू परत करायला खेळाच्या कंपनीला सांगितले होते.

आणि कायदा गप्प राहिला की काय होते, तेही पाहायला हवे. शांघायमध्ये एका खेळाडूने मित्राला खेळातली 'ड्रॅगन' तलवार वापरायला दिली. मित्राने ती ७,२०० युआनला विकून टाकली. हा पोलिसांत गेला, तर अशा वस्तूला मालमत्ता मानणारा कायदा नाही, असे उत्तर मिळाले. २००५ साली त्याने मित्राचा खून केला. मुलांना हे सांगावे की नाही, ते तुम्ही त्यांचे वय पाहून ठरवा. पण पडद्यावरच्या वस्तूसाठी जाणारा जीव खरा असतो, हे मोठ्यांनी तरी विसरू नये.

आपल्याकडे फसवून पैसे घेतले तर भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ आहे आणि संगणकाच्या आधारे तोतयेगिरी करून ठकवल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ ड, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद. दुसऱ्याचा पासवर्ड चोरून वापरला तर ६६ क. तेव्हा 'खेळातलीच तर वस्तू' म्हणून कुणी हसले तरी तक्रार होते. मात्र दोन अल्पवयीन मुलांनी आपसात केलेला सौदा करार म्हणून टिकत नाही. १८७२ च्या करार कायद्याचा हा नियम प्रिव्ही कौन्सिलने १९०३ सालच्या मोहोरीबीबी खटल्यात पक्का केला. 'त्याने कबूल केले होते' म्हणून दिवाणी दावा लावता येत नाही.

प्रश्न : मी इंजिनीअरिंगला आहे. काउंटर-स्ट्राइक या खेळाच्या स्किन तर स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात अधिकृतपणे बदलता येतात. तिथे काय सांभाळावे? — एक विद्यार्थी, सेवाग्राम

उत्तर : तिथे यार्ड आहे हे खरे, म्हणून यार्डातच राहा. मोबाइल ऑथेंटिकेटर लावा. तो नसेल तर दिलेला माल स्टीम पंधरा दिवसांपर्यंत अडवून ठेवते. २०२५ च्या जुलैपासून काउंटर-स्ट्राइकचा अदलाबदल केलेला माल सात दिवस पुढे हलवता येत नाही आणि तेवढ्यात व्यवहार उलटवता येतो. तुम्ही घेणारे असाल तर हेही ध्यानात ठेवा, समोरचाही उलटवू शकतो. 'आमच्या टीमला मत दे' म्हणून येणाऱ्या लिंकवर लॉगिन करू नका. तसे लॉगिन हाती लागले की ठग तुमच्या खात्याची एपीआय की, म्हणजे सौदे बाहेरून हाताळण्याची किल्ली, बनवतो, तुमचा सौदा रद्द करतो आणि त्याच नावाच्या, त्याच फोटोच्या खोट्या खात्याकडून नवा पाठवतो. घाईत आपण मंजूर करतो. आणि हे गुंतवणूक म्हणून करत असाल तर थांबा. ऑक्टोबर २०२५ मध्ये काउंटर-स्ट्राइकच्या व्हॉल्व्ह कंपनीने एक नियम बदलला आणि खेळातल्या महागड्या चाकूंचे भाव रातोरात कोसळले. कुणाला नुकसानभरपाई मागायला जागा नव्हती.

प्रश्न : आमच्या गावातली मुले वीस-वीस रुपये जमा करून 'पेड रूम' खेळतात, जिंकणाऱ्याला रक्कम. स्किनही लावतात. यात गैर आहे का? — आर्वी

उत्तर : हो, आणि लगेच थांबवा. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून, पैसे जिंकण्याच्या आशेने खेळायचे ऑनलाइन खेळ चालवण्यावर बंदी घातली आहे, मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा. लावलेली वस्तू पैशाने घेतलेली आभासी नाणी-टोकन असली तरी ती डावच धरली जाते. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे. वीस रुपये गोळा करणारा मुलगा 'चालवणारा' ठरू शकतो. खेळातून स्किन विकत घेणे हा याच्यात मोडणारा प्रकार नाही, पण ती डावावर लावणे निराळे.

प्रश्न : पैसे गेलेच तर परत मिळतात का? — देवळी

उत्तर : मिळू शकतात, पण सगळे वेळेवर अवलंबून आहे. १९३० वर फोन केला की तक्रार त्या बँकेकडे जाते आणि पैसे अजून खात्यात असतील तर तिथेच अडवले जातात. पुढे सरकले असतील तर पुढच्या बँकेत. ठग मात्र काही मिनिटांत पैसे चार खात्यांत फोडतो आणि एटीएममधून काढतो. तासाभरात केलेला फोन आणि दुसऱ्या दिवशी केलेला फोन यांत फार फरक पडतो. फोननंतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर तक्रार पुरी करा. अडवलेली रक्कम पुढे परत मिळू शकते.

बँकेकडून आशा कुठे धरायची तेही सांगतो. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे तुमची चूक नसताना, बँकेचीही नसताना, तिसऱ्याने पैसे काढले आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर भार तुमच्यावर येत नाही. पण आयडीसाठी मुलाने स्वतः पिन टाकून पैसे पाठवले असतील तर बँक म्हणणार, व्यवहार तुमच्याच फोनवरून, तुमच्याच पिनने झाला. मग १९३० आणि पोलीस एवढाच रस्ता उरतो. खेळाच्या दुकानातून नकळत खरेदी झाली असेल तर गूगल प्लेकडे ४८ तासांच्या आत परतावा मागा.

आणि तक्रारीचा तो पहिला तास घरातच वाया जातो, म्हणून एक घटना सांगतो. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबईत जोगेश्वरीच्या एका सोळा वर्षांच्या मुलाने आईच्या खात्यातून पबजीच्या आयडी आणि यूसीवर सुमारे दहा लाख रुपये घालवले. आईवडिलांना कळले, ते रागावले, आणि मुलगा चिठ्ठी ठेवून घरातून निघून गेला. पोलिसांनी त्याला अंधेरीच्या महाकाली लेण्यांजवळ शोधून काढले. दहा लाख एका दिवसात जात नाहीत. पहिले पाच हजार गेले तेव्हाच तो घरी बोलू शकला असता, तर बाकीचे वाचले असते.

तुमच्या घरात असे झाले तर मुलाला आधी जवळ बसवा, कुणाला, कधी, किती पाठवले ते विचारा आणि त्याच्यासमोरच १९३० लावा. हा क्रमांक आज घरातल्या प्रत्येक फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, मुलाच्या फोनमध्येही.